पोपटीत भाजलेला शाडू

पेणला माझ्या वर्षभरात किती खेपा होतात, ते मी मोजत नाही. गणपतीच्या कारखान्यांच्या सगळ्या आळ्या मला माझ्या रोह्याच्या दुकानातल्या फळ्यांसारख्या पाठ आहेत. कोण रंग पातळ करतो, कोण मूर्तीच्या हातात तार न घालता ती गळ्यात मारतो, कोण चैत्रात एक बोलतो आणि आषाढात दुसरं, हे मला कुणी सांगावं लागत नाही. घासाघीस करायला मी बसले की समोरचा आधी चहा मागवतो. वेळ लागणार, हे त्याला माहीत असतं. पण तळ्याच्या अंगाची एक गल्ली मी इतकी वर्षं टाळत आले. टेम्पो वळसा घालून न्यायचा, त्याला डिझेल जास्त लागलं तरी चालेल. त्या गल्लीत सरांची शेड आहे, आणि सरांवर माझा राग आहे.

या वैशाखात वळसा घालून भागलं नाही. मी ज्याच्याकडून शाडूच्या मूर्ती उचलते त्या नितीनने आपलं कच्चं काम नव्या जागेत हलवलं, आणि ती जागा नेमकी सरांची शेड.

फोनवर म्हणाला, "ताई, जागा मोठी हाय, ओल नाय. येऊन बघा तर खरं."

"मूर्ती बाहेर आणून दाखव. मी नाक्यावर थांबते."

"कच्च्या मूर्ती गल्लीतनं फिरवू? तुम्हीच मग तडा दाखवून भाव पाडाल."

हा नितीन माझ्याच वर्गातला. मला ओळखून आहे.

दार तेच होतं, पत्र्याचं, खालून गंजून नक्षी पडलेलं. आत पाऊल टाकलं आणि डोळे अंधाराला सरावायच्या आधी वास आला. भिजलेला शाडू, काथ्या, डिंक, उन्हाने तापलेला पत्रा. हे वास माझ्या रोजच्या धंद्यातले आहेत, त्यांचं मला काही वाटत नाही. पण त्यांच्या खाली आणखी एक वास होता. कागदाच्या लगद्याचा, वाटलेल्या मेथीचा, आंबट खळीचा. तो तिथं खरोखर नसेलही. माझ्या नाकाने मात्र तो बरोबर शोधून काढला, आणि मी कामाचं बोलणं विसरून दारातच उभी राहिले.

*

बारावी झाल्यावर एक वर्ष मी या शेडमध्ये शिकले. आमचं गाव कोलाडच्या अलीकडे, भाताचं आणि वालाचं. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे आणि थंडीत शेंगा खायच्या, एवढंच आमचं वर्ष. चित्रकला वगैरे घरात कुणी केली नव्हती. मी भिंतींवर काढायची. बाबा म्हणाले, "वर्षभर जा पेणला. सर म्हणाले पोरीच्या हातात काय हाय, तर पुढं मुंबईला धाडू. नायतर धाटावला कंपनीत पॅकिंगला लाव नंबर." बाबांचं बोलणं असं सरळ असायचं, मापात तोललेलं. मला ते पटलं होतं. सौदा स्वच्छ होता.

सकाळची गाडी रोह्याहून सुटायची तेव्हा डबे जवळजवळ रिकामे असायचे. नागोठणं गेलं की डोंगर मागे सरकायचे आणि वारा बदलायचा. कासूला तो खिडकीतून आत यायचा तो खारट होऊनच, आणि त्याच वाऱ्याबरोबर मंगल चढायची. मंगलच्या घरी मिठागर होतं आणि खाडीच्या बांधाआड थोडी खारी जमीन, खाजणाची. तिच्या ओढणीला, पुस्तकांना, डब्याला सुक्या खाजणाचा वास असायचा. चढल्या चढल्या ती माझा डबा उघडायची.

"आज काय गो, वालच?"

"तुझ्याकडं काय, सुकटच ना?"

"मग दे ना बदली."

असं आम्ही पेण येईपर्यंत खाऊन टाकायचो. दुपारी दोघी उपाशी. वर्षभर हाच मूर्खपणा आम्ही रोज केला आणि एकदाही शहाण्या झालो नाही.

सर मूळचे मूर्तिकारांच्या घरातले. अंगाने किडकिडीत, पांढरा लेंगा-सदरा, आणि बोटांच्या पेरांत कायम वाळलेला शाडू. पण वर्गात त्यांचा नियम वेगळा होता. ज्याला जे घरी येतं, त्याला ते इथं करायला मनाई. ते म्हणायचे, "हाताला येतं ते घरी करा. इथं हात अडला पाहिजे." मग वर्गात अडलेल्या हातांचा बाजारच भरायचा. पेणची पोरं जन्मल्यापासून माती मळणारी, त्यांना पेंढा, सुतळी, काचेचे तुकडे. धाटावच्या एका पोराचा बाप कंपनीत वेल्डर, त्याला रंगीत कागद. मंगलला तार.

"सर, तार आमच्यात टिकत नाय," मंगल म्हणाली. "खाऱ्या वाऱ्यानं चार दिसांत भुगा होतो."

"मग चार दिवसांत कर," सर म्हणाले.

मला पहिल्यांदा कागदाचा लगदा मिळाला. रद्दी फाडायची, भिजवायची, कुटायची, त्यात मेथी आणि खळ घालायची. आमच्या घरात खाण्याची वस्तू कुटतात. न खाण्याचं काहीतरी मी उखळात घालून कुटते आहे हे बघून आई दारात उभी राहून हसत सुटली. मी राक्षसाचा मुखवटा केला. दात चांगले जमले होते. माळ्यावर वाळत ठेवला तर उंदरांनी मेथीच्या वासाने येऊन जबडा खाल्ला. उरलेला अर्धा मुखवटा मी सरांपुढे नेला. सरांनी तो हातात फिरवला आणि म्हणाले, "उंदरांना जमलंय. तू कुठं केलंस ते दाखव." वर्ग हसला. मीही हसले. तेव्हा मला सरांचा राग यायचा नाही.

मग आलं जुनं लुगडं आणि भाताची पेज. पेजेत बुडवून कापड ताठ करायचं आणि त्याचा आकार धरायचा. ते मला येत होतं, आईच्या पेजेची खळ दिलेल्या पातळांमुळे. पण येतंय हे कळू दिलं तर काम काढून घेतील म्हणून मी मुद्दाम अडखळत केलं. एवढा हिशोबीपणा माझ्यात तेव्हापासून आहे. त्या कापडाचा मी डोंगर केला होता, खाली गाव, मध्ये घड्यांची नदी. पावसाळी हवेत तो एका दुपारी हळूहळू खाली बसला. आम्ही सगळे काम थांबवून बघत होतो. डोंगर बसताना कसलाच आवाज झाला नाही. शेडच्या पत्र्यावर चिमण्या चालत होत्या, तेवढाच.

दिवाळीनंतर सरांनी माझ्यापुढे शाडूचं घमेलं ठेवलं.

आज मी शाडूवर जगते. गोणी उघडली की चिमटीत धरून सांगते, यात काय मिसळलंय. पण तेव्हा पहिल्यांदा त्यात हात घातला आणि मी दचकले. आमची माती हाताला चावते. तिच्यात खडा असतो, मूळ असतं, कधी गांडूळ. ही माती गुळगुळीत, थंड, साईसारखी. धरायची तर धरवत नव्हती, सोडायची तर सोडवत नव्हती. समोर नितीन पेंढ्याच्या ढिगात बसला होता, त्याची गाय करायची होती त्याला, आणि पेंढ्याची साधी दोरी वळता येत नव्हती. पेणमधल्या नावाजलेल्या घरातला पोरगा, आणि काड्या तोंडात धरून रडकुंडीला आलेला.

मी म्हटलं, "दोरी मी वळून देते. तू मला शाडूचं सांगायचं. सगळं."

"सगळं म्हणजे?"

"जे तुझे बाबा तुला सांगतात ते."

"व्हय. पण दोरी आधी."

"अर्धी आधी. अर्धी नंतर."

मी त्याला मांडीवर पेंढा घेऊन हातभर लांब दोऱ्या वळून दिल्या. त्याने मला सांगितलं. काथ्या बारीक कातरून घाल. मळताना टाचेने नाही, तळव्याने. हवा राहू देऊ नको. सावलीत वाळव, वारा लागू देऊ नको, तडा दिसला तर पाण्याचं बोट फिरव. सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. भाजायचं नाही, हे तेवढं सांगितलं नाही. पेणात ते कुणी कुणाला सांगत नाही. मासे कापायच्या आधी पाण्याबाहेर काढायचे, हे जसं कुणी सांगत नाही तसं. शाडू पाण्यातून येतो आणि पाण्यात जातो, एवढं तिथल्या रांगत्या पोरालाही कळतं.

मी आई केली. वीतभर उंचीची, पाय पसरून बसलेली, पुढ्यात सूप, वालाचं बिरडं सोलताना. मोड आलेले वाल सोलायची एक रीत असते. दाणा चिमटीत धरायचा आणि अंगठ्याने टोकाशी दाबायचा, की तो सालातून सुळकन् सुटून सुपात पडतो. सणाच्या आदल्या दिवशी आमच्या ओटीवर बायका ओळीने बसायच्या. त्यांच्या बोलण्याखाली तो बारीक आवाज चालू असायचा, टप टप टप. आईचा अंगठा त्यात सगळ्यांत पुढे. तो अंगठा मी पुन्हा पुन्हा केला. बाकी आई मागाहून आली.

ती वाळू लागली आणि तडकू लागली. रोज नवा तडा. मी पाण्याचं बोट फिरवायची, दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरा. पौषात शेवटी ती कोरड्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर धरून मी गाडीने घरी नेली. मंगल कासूपर्यंत तिच्या डोक्यावर हात धरून बसली होती, धक्का लागू नये म्हणून.

"आय तुजी भारी चिडकी दिसतं गो," ती म्हणाली.

"खरी पण तशीच आहे."

घरी आईने ती उचलून उजेडात धरली, तड्यांवरून बोट फिरवलं आणि निदान करून टाकलं. "कच्ची हाय म्हणून तडकते. चूल तडकली तर आपुन काय करतो? जाळ घालतो. भाज हिला."

आमच्या घरात मातीचं दुसरं शहाणपण नव्हतंच. मातीत तूस मिसळायचं, थापायचं, भाजायचं. आणि त्या संध्याकाळी शेतात पोपटी लावायची होती.

त्या संध्याकाळचा मला आजही वास येतो. भांबुर्ड्याचा पाला तोडला की हाताला कडवट सुवास लागतो, तो धुऊन जात नाही. मडक्याच्या तळाशी तो पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून जाळ करायचा. त्या वर्षी शेजारी दुसरं एक मडकं उपडं होतं. त्यात तूस भरलेलं आणि तुसात माझी आई. जाळ दोघांवर एकच. भावांनी आधी चेष्टा केली, मग तेही जाळाशी येऊन बसले. थंडी पाठीला आणि धग तोंडाला. दोन्ही मडक्यांच्या आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. पोपटी झाली का ते बघायला बाबांनी मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. चर्र आवाज झाला. आणि त्याच वेळी दुसऱ्या मडक्यात आतल्या आत टक् असं काहीतरी वाजलं.

आम्ही आधी शेंगा खाल्ल्या. मला धीर नव्हता, पण आई म्हणाली तिला निवू दे. मग तूस बाजूला केलं. शाडूची आई एका अंगाने काळी झाली होती आणि दुसऱ्या अंगाने फिकट गुलाबी, आणि डावा हात कोपरापासून सुटला होता. उजवा शाबूत. तडे सगळे तिथंच थांबले होते. आईने ती पदरात धरली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाली, "एवढी काळी नाय मी." बाबा हसले. आई हसली. मला वाटलं, मुंबईला जायचं नक्की झालं.

*

फाल्गुनात सरांनी सगळ्यांची कामं मांडली. टेबलांवर पांढरी कापडं, बाहेर पाट्या, गावातली मोठी माणसं. मंगलचा तारेचा बगळा अगदी पुढे होता. घरी खाऱ्या वाऱ्यात राहून तो तांबूस गंजला होता आणि त्यामुळे जिवंत वाटत होता. एक पाय उचललेला. लोक त्याच्यापुढे थांबत होते. नितीनची पेंढ्याची गाय होती, माझ्या दोऱ्यांनी बांधलेली. बाबा खास कापडं घालून गाडीने आले होते. त्यांनी सगळी टेबलं बघितली. माझं नाव कुठंच दिसलं नाही, तेव्हा त्यांनी सगळी टेबलं पुन्हा पहिल्यापासून बघितली. मग नितीनने मान खाली घालून दाराकडे बोट केलं. दाराच्या आड, केरसुणीशेजारी, जमिनीवर माझी आई बसली होती.

मी सरळ सरांकडे गेले. "सर, माझं काम खाली का?"

"ते भाजलंयस तू."

"मग?"

"शाडू पाण्यात जायला असतो. हे पाण्यात जाणार नाही. जे पाण्यात जात नाही ते पेणात काम नव्हे."

"मंगलचा बगळा पाण्यात जातो का?"

"आवाज खाली कर. लोक आहेत."

"लोकांनी ऐकू दे. तिचा गंज चालतो आणि माझी काजळी नाय चालत, असं का?"

सर पाहुण्यांकडे वळले. मागून कुणीतरी, वर्गातलंच, हळूच म्हणालं, "पोपटी करपली रे." त्या दिवसापासून माझं नाव पोपटी पडलं असणार, पण ते ऐकायला मी थांबले नाही. मी पुन्हा त्या शेडमध्ये गेलेच नाही. काम तिथंच टाकून आले. परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. नागोठणं आल्यावर म्हणाले, "धाटावला विचारू मग."

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. पॅकिंगला लागले. शिफ्ट सुटली की रोह्याच्या बाजारात बसायची. पहिल्या वर्षी पेणहून टोपलीत लहान गणपती आणून विकले, मग रंग, मग मखरं, मग गाळा. लग्न झालं, नवरा शांत मिळाला. माझ्या दुकानाला आज रोह्यात सगळे ओळखतात, माझ्या तोंडालाही. जे आहे ते मी कमावलेलं आहे. पण कुठंही, लग्नात, बाजारात, दुकानात गिऱ्हाईक नसताना, विषय निघाला की माझं सुरू व्हायचं. मी कारागीर होणार होते, एका माणसाने माझं काम दाराआड ठेवलं. नवऱ्याला ते पाठ आहे. तो मान हलवतो. मंगल आता अलिबागकडे असते, दरवर्षी गणपतीच्या आधी तिचा फोन येतो. ती म्हणते, "तू गो अजून त्येच धरून बसलीस? माझा बगळा कवाच भंगारात गेला. मी इचारलं पण नाय."

तिचं ठीक आहे. तिचा बगळा टेबलावर होता.

आणि एक गोष्ट मी मंगललाही सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. ती गल्ली मी रागाने टाळत होते, हे अर्धंच खरं. मला भीती वाटायची. ते काम मी अठराव्या वर्षी बघितलं, त्यानंतर कधीच नाही. मनात ते वाढत गेलं. आता माझी नजर पक्की आहे. समजा मी ते पुन्हा बघितलं आणि ते खरोखरच मोठं निघालं, तर? तर माझं हे सगळं, गाळा, टेम्पो, घासाघीस, दुसऱ्यांच्या मूर्ती उचलून विकण्यात गेलेलं आयुष्य, चुकीच्या जागी गेलं. राग सोसतो माणूस. हे सोसलं नसतं.

*

शेडच्या दुसऱ्या टोकाला पंख्याखाली कुणीतरी खुर्चीवर बसलं होतं. पांढरा सदरा. खांदे खाली आलेले.

नितीन मोठ्याने म्हणाला, "सर, रोह्याच्या ताई आल्यात. आपल्या वर्गातल्या."

सरांनी हात डोळ्यांवर धरला. "कोण? पोपटी का?"

नितीनने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्याकडे असं बघितलं की या वर्षीचा भाव तिथंच खाली आला.

"बस," सर म्हणाले. "तुझं आहे ना इथं. माळ्यावर आहे. नितीन, काढ रे ते."

"राहू दे सर, मी घाईत आहे."

"घाई कसली? तो म्हणतो तू चहाचे दोन कप होईपर्यंत आकडा बोलत नाहीस."

नितीन शिडी लावून वर चढला होता. मी उभीच राहिले. हात पदराला पुसले. वरून धूळ पडली, मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गाठोडं खाली आलं. नितीनने ते टेबलावर ठेवलं आणि कागद सोडला.

मी बघितलं.

पाठ सरळसोट, फळीसारखी. पसरलेले पाय नव्हतेच, दोन लांबट गोळे होते. लुगड्याच्या घड्या नखाने ओढलेल्या. मान खांद्यांवर ठेवलेली, खांद्यांतून वर आलेली नाही. चेहरा शिकाऊ हाताचा असतो तसा, नाक आधी केलेलं आणि बाकी नाकाभोवती जमवलेलं. अशी कामं मी रोज बघते. नव्या पोरांची, पहिल्या वर्षाची. त्यांना मी वाईट म्हणत नाही. "हात बसू दे," असं म्हणते आणि पुढे जाते. हे तसंच होतं. उजवा अंगठा तेवढा बरोबर होता. दाणा दाबताना पेर जसं आत वळतं, तसं ते वळलं होतं. त्या अंगठ्यापुढे माझे डोळे भरून आले, आईला जाऊन बरीच वर्षं झाली. पण बाकी काम बेताचं होतं. अगदी बेताचं.

माझ्या छातीतून काहीतरी खाली उतरलं. पाठीवरचा भाताचा भारा उतरवल्यावर माणूस काही क्षण उगाच हलका होऊन पुढे झुकतो ना, तशी मी टेबलाला धरून उभी होते. मला हसू येत होतं.

सर माझ्याकडे बघत होते. "कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा. सर तुम्ही आहात."

"मला आता नीट दिसत नाही. तू सांग. रोज बघतेस."

"बेताचं आहे," मी म्हटलं. "अंगठा चांगला आहे."

"अंगठा मला आठवतो," सर म्हणाले.

मग मला राहवलं नाही. भाव ठरला तरी शेवटचं ओढून बघायची माझी सवय आहे. "बेताचं असलं तरी टेबलावर ठेवायला हवं होतं. माझे बाबा आले होते त्या दिवशी."

"मी कुठं ठेवलं होतं?"

"दाराआड. केरसुणीशेजारी. आणि म्हणालात, जे पाण्यात जात नाही ते पेणात काम नव्हे."

"मी असं म्हणालो?"

"हो."

सरांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला, ते मला दिसलं. "नितीन, मी असं बोललो होतो?"

"व्हय सर. सगळ्यांसमोर."

"बराच शहाणा होतो मी," सर म्हणाले, आणि त्यांना खोकल्यासारखं हसू आलं. मग हसू थांबलं. "तुझे बाबा आले होते हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर ठेवलं असतं."

ते वाक्य मी इतकी वर्षं शब्दन् शब्द सांभाळलं होतं. ते ज्यांचं होतं त्यांच्याकडे ते नव्हतंच. मला याचाही राग यायला हवा होता. थोडा आला. मी त्याची वाट बघितली, तर तो तिथंच जिरला. बाबांनी टेबलं दोनदा बघितली, ते मात्र जिरलं नाही, ते जिरायचंही नाही. पण ते एवढंसं आहे. मुठीत मावेल एवढं. बाकीचं सगळं, मोठी कारागीर, हुकलेली मुंबई, चुकीच्या जागी गेलेलं आयुष्य, ते कधी नव्हतंच. माझं आयुष्य माझ्याच जागी गेलं होतं.

टेम्पो यायला वेळ होता. नितीन मूर्ती दाखवू लागला, मी दोन-तीन बाजूला काढल्या, एकीच्या कानामागचा तडा दाखवला, तो म्हणाला "दिसतंच तुम्हाला," आणि चहा सांगायला बाहेर गेला. सरांचा डोळा लागला होता. पंखा करकरत होता. माझ्या पायाशी घमेल्यात मळलेला शाडू झाकून ठेवलेला होता. इतकी वर्षं मी शाडू चिमटीत धरला, नाकाशी नेला, तोलला. त्यात हात घातला नव्हता.

मी फडकं बाजूला करून मूठभर उचलला. थंड, साईसारखा. बांगड्या वर सरकवल्या आणि खाली बसले. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. हाताने आपोआप बसलेलं माणूस करायला घेतलं, मग त्याला शिंगं आली, मग ते बैल झालं, आणि बैलाला मान काही केल्या धरेना.

नितीन चहा घेऊन दारात उभा राहिला. "ताई, हे काय करताय?"

"काय नाय. टाइमपास."

"बैल हाय व्हय?"

"तुला काय वाटतं?"

"डुक्कर वाटतंय."

मी बघितलं. डुक्करच वाटत होतं. मला इतकं हसू आलं की सर जागे झाले आणि "काय झालं, काय झालं" म्हणू लागले. मी ते डुक्कर तळव्यांत दाबून गोळा केलं, घमेल्यातल्या बाकीच्या शाडूत मिसळून टाकलं, वरून ओलं फडकं नीट ओढलं. बादलीत हात धुतले. नखांत थोडा राहिला, तो राहू दिला.

मग चहाचा कप घेतला आणि नितीनला म्हटलं, "हं, आता भाव बोल."